नळदुर्गचा पाणीमहाल



अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९९४ पासून पर्यटकांसाठी एक वेगळीच गाडी धावते. रस्त्यावरून शहर दाखवत निघते आणि प्रवासी जागेवर बसलेले असतानाच थेट चार्ल्स नदीत उतरते. अशा गाड्यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. जिथं बंदर हाती नाही, त्या किनाऱ्यावर जहाजातला माल आणि माणसं उतरवायची कशी? या अडचणीतून १९४२ साली त्या तयार झाल्या. युद्ध संपलं आणि त्याच गाड्या सहलीच्या कामी आल्या.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला ना समुद्र, ना बंदर. पण लढाईच्या गरजेतून उभं राहिलेलं आणि माणसाला पायी पाण्याच्या पोटात नेणारं एक ठिकाण आपल्याकडेही आहे. तेही चारशे वर्षांपूर्वीचं. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्ग किल्ल्याचा पाणीमहाल.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाताना हा किल्ला लागतो. कल्याणीचे चालुक्य, मग बहमनी, मग विजापूरचे आदिलशाह, असे त्याचे धनी बदलत गेले. विजापूर आणि अहमदनगर या दोन सत्तांच्या ओढाताणीत नळदुर्ग नेहमीच मोक्याचा ठरला. किल्ल्याला शंभरावर बुरूज आहेत. उपली बुरूज आणि नऊ पाकळ्यांचा नवबुरूज बघण्यासारखेच. तरी माझ्या मते नळदुर्गचा खरा जीव बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात आहे.

मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला, या दोहोंच्या मधून बोरी वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, तिथं दगडी बंधारा घातला गेला. कारागीर म्हणून मीर इमादीनचं नाव सांगतात. या एका बांधकामानं किती कामं साधली पाहा. गडावरच्या माणसांना आणि जनावरांना पाणी मिळालं. साठलेल्या पाण्यानं शत्रूची वाट अडवली. दोन किल्ले एकमेकांना जोडले गेले.

पण नदी अडवणं हे अर्धंच काम. मराठवाड्यातली नदी आठ महिने रोडावते आणि पावसाळ्यात एका रात्रीत अंगावर येते. तो लोंढा बंधाऱ्याला धक्का न लावता जाणार कुठून? त्यासाठी वर दोन सांडवे ठेवले. तेच आजचे नर आणि मादी धबधबे. आणि या बंधाऱ्याच्या भिंतीतच दालनं कोरल्यासारखी बांधली. तोच पाणीमहाल.

वरून जिना उतरत गेलं की उजेड कमी होतो, हवा गार लागते, भिंतीला हात लावला तर दगड ओलसर. मग एकदम कोरीव कमानी आणि सज्जा समोर येतो. नदी वाहती असली तर पाणी डोक्यावरून येऊन सज्ज्यापुढून खाली कोसळत असतं. तुषार तोंडावर येतात, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पायाखालची फरशी मात्र कोरडी. मागे अडलेली नदी, पुढे पडणारी नदी आणि मधल्या भिंतीत आपण. नक्षी सुंदर आहेच, पण मला थक्क करतो तो सांडव्यांचा हिशेब. तो चुकला असता तर महालही उरला नसता.

इथं राहून गेलेल्यांत एक लेखकही होता. ‘एका ठगाची जबानी’ सांगणारी इंग्रजी कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर १८५३ पासून काही वर्षं याच नळदुर्गात अधिकारी म्हणून होता. नळदुर्ग तेव्हा जिल्ह्याचं ठाणं. आपल्या आत्मचरित्रात त्यानं या मुक्कामाविषयी लिहून ठेवलं आहे.

अलीकडच्या काळात किल्ल्याच्या पाण्यात नौकाविहारही सुरू झाला. होडीतून बंधारा आणि तट बघणं आणि मग पायऱ्या उतरून त्याच पाण्याच्या आड जाऊन बसणं, हे दोन्ही अनुभव एकाच फेरीत मिळू लागले.

नर-मादी दर वर्षी वाहतीलच असं मात्र नाही. वरचं बोरी धरण भरून पाणी सुटलं, तरच ते सुरू होतात. तेव्हा पाऊस चांगला झाल्याची बातमी आली की सवड काढा आणि मुलांना बरोबर न्या. सांडव्याच्या कडेला फोटोसाठी उभे राहू नका. शेवाळलेला दगड पाय टिकू देत नाही. आणि महालाच्या भिंतीवर आपलं नाव कोरू नका, कोणी कोरत असेल तर त्याला तिथंच थांबवा.