दोन वाटांची मोटार



आज आम्ही एका निराळ्या मोटारीविषयी बोलणार आहोत. ही मोटार सडकेवर चालते आणि आगगाडीच्या रुळांवरही चालते. दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो, असे आपण म्हणतो. ही मोटार पडत नाही. पण हिचा पाय निसटला तर काय होते, तेही सांगायचे आहे.

आधी चाक पाहू. आगगाडीचे चाक लोखंडी असते. त्याला आतल्या बाजूने उंच कड असते. ती कड रुळाच्या आतून चालते, म्हणून गाडी खाली उतरत नाही. मोटारीच्या रबरी चाकाला कड नाही. ते नुसते रुळावर ठेवले तर थोड्याच वेळात घसरेल.

म्हणून मोटारीला पुढे आणि मागे लहान लोखंडी चाकांची एकेक जोडी बसवतात. सडकेवर ती चाके वर उचललेली असतात. ट्रॅक्टरचा नांगर रस्त्याने नेताना वर उचलतात ना, तसेच. रेल्वेच्या फाटकात सडक आणि रूळ एका पातळीत असतात. तिथे ड्रायव्हर मोटार रुळांवर सरळ आणतो आणि लोखंडी चाके खाली सोडतो. काही मोटारींची रबरी चाके रुळाला टेकलेली राहतात. तीच गाडी ओढतात. लोखंडी चाके फक्त वाट धरून ठेवतात. काही मोटारी मात्र पुऱ्या उचलल्या जातात आणि सगळा भार लोखंडी चाकांवर येतो.

जर्मनीत उनिमोग नावाची मोटार आहे. १९४५ साली लढाई संपली, तेव्हा अल्बर्ट फ्रीडरिख या इंजिनियरने ती शेतकऱ्यांसाठी आखली. तिच्या चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन ओळी मोजून ठरवले होते! पुढे तिला लोखंडी चाके लावली आणि शेतकऱ्याची गाडी रेल्वेच्या चाकरीत गेली. आजची अशी उनिमोग हजार टनांपर्यंत वजनाचे डबे ओढते. जपानात शिकोकू बेटावर अशी बसही आहे. तिथल्या छोट्या रेल्वेला उतारू फार थोडे. डिसेंबर २०२१ मध्ये ही बस सुरू झाली. चाके बदलायला तिला सुमारे पंधरा सेकंद लागतात.

एक मोटार हजार टन कशी ओढते? लोखंडावर लोखंड फार हलके फिरते, म्हणून. पण जे हलके फिरते ते हलके निसटतेही. बैलगाडी उतारावर सोडली तर आपण चाकाखाली दगड लावतो. माती चाकाला थोडी धरते. रूळ धरत नाही. मोटार सडकेवरून रुळावर चढते ती वेळ सर्वांत नाजूक. रबरी चाके उचलली की त्यांचा ब्रेक रुळावर उपयोगाचा नाही. लोखंडी चाकांना स्वतःचा ब्रेक हवाच.

इंग्लंडच्या उत्तरेला टेबे नावाचे गाव आहे. १५ फेब्रुवारी २००४ ची पहाट. गावाच्या वरच्या अंगाला अशाच दोन वाटांच्या मोटारीने एका सपाट गाडीवर जुने रूळ लादले जात होते. त्या सपाट गाडीचे ब्रेक तोडून ठेवले होते. चाकांखाली नुसते लाकडाचे ठोकळे होते. ठोकळे सुटले. गाडी अंधारात तीन मैलांहून जास्त धावत गेली. खाली टेबेजवळ मजूर रुळांवर काम करत होते. त्यांतले चौघे जागीच गेले. २००६ साली कोर्टाने दोघांना तुरुंगात धाडले. त्यांतला एक त्या धंद्याचा मालक होता.

आमचा एक जुना विद्यार्थी रेल्वेत गँगमन आहे. त्याला आम्ही ही हकीकत वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, उतार केवढा होता?"

आम्ही सांगितले, पंच्याहत्तर हात चालावे तेव्हा एक हात उतार. आपल्या चावडीपुढच्या रस्त्याला एवढा उतार असता, तर पावसाचे पाणी वाहिल्याशिवाय तो तुमच्या ध्यानातही आला नसता.

"एवढा पुष्कळ झाला," तो म्हणाला.

कुणाला काही विचारायचे असेल तर आता विचारा.