भाग ३१ : टेबलावरचे पाहुणे ('फेस्टेन')

आज एका डॅनिश सिनेमाबद्दल बोलायचंय. 'फेस्टेन', इंग्रजीत 'द सेलिब्रेशन'. १९९८ चा, दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग. आधीच सांगते, विषय लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा आहे, तेही घरातल्याच माणसाकडून. आज ऐकवणार नसेल तर हा भाग खुशाल सोडा. आणि हो, शेवटही सांगणार आहे.

हेल्गे नावाच्या श्रीमंत गृहस्थांची साठी. घराण्याचंच हॉटेल आहे, तिथे सगळा गोतावळा जमलाय. ख्रिश्चन, मायकेल, हेलेन ही तीन मुलं आलीत. चौथी लिंडा, ख्रिश्चनची जुळी बहीण, हिने नुकतीच आत्महत्या केलीय. जेवणात ख्रिश्चन उठतो, ग्लासवर टिचकी मारतो आणि वडिलांना विचारतो, माझ्याकडे दोन भाषणं आहेत, हिरवं की पिवळं? वडील हिरवं निवडतात. आणि अगदी शांतपणे, वाढदिवसाच्या भाषणाच्या सुरातच तो सांगतो की वडील आंघोळीला जायच्या आधी आम्हा जुळ्यांना खोलीत नेऊन काय करायचे.

मग काय होतं? काहीच नाही! जेवण पुढे चालू. सूत्रसंचालक आहे ना, तो कार्यक्रम पुढे रेटत राहतो. आई उठून गोड आवाजात सांगते की ख्रिश्चनची कल्पनाशक्ती लहानपणापासूनच दांडगी, आणि त्याला माफी मागायला लावते. तो तिलाच म्हणतो, तू दार उघडून पाहिलं होतंस. त्यानंतर त्याला बाहेर काढतात, झाडाला बांधतात. बाजू घेतं ते स्वयंपाकघर. पाहुण्यांना निघून जाता येऊ नये म्हणून तिथली माणसं गाड्यांच्या किल्ल्याच पळवतात. मला हे फार आवडतं, घरातलं खरं बहुतेक वेळा कामाच्या माणसांना आधी माहीत असतं.

'डॉग्मा ९५' चा हा पहिला सिनेमा. वरून संगीत नाही, वेगळे लाइट नाहीत, कॅमेरा हातात. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलाय, त्यामुळे कोणीतरी समारंभाची कॅसेट लावलीय असंच वाटतं. कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं होतं.

आपल्याला जवळचा म्हणजे मीरा नायर यांचा 'मान्सून वेडिंग', २००१ चा. तिथे रिया तोंड उघडते आणि नसीरुद्दीन शाह यांचा ललित उपकारकर्त्या नातेवाइकाला लग्नातून जायला सांगतो. बघताना रडू येतं. पण मला 'फेस्टेन' जास्त खरा वाटतो. इथे जिवंत मुलाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, मेलेल्या मुलीची चिठ्ठी हेलेन वाचते तेव्हा कुठे टेबल गप्प होतं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला वडील येऊन कबुली देतात. मायकेल म्हणतो, आता तुम्ही जा, आम्हाला खाऊ द्या. आई त्यांच्याबरोबर उठत नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ख्रिश्चनकडे बघतच नव्हते, पाहुण्यांकडे बघत होते. कारण त्या टेबलावर मी बसलेली आहे. आमच्याकडे गौरीजेवणाची पंगत होती. मामेबहीण तेव्हा कॉलेजात. घरातल्या एका मोठ्या माणसाकडे बघून ती म्हणाली, "मला यांच्या शेजारी बसवू नका. का ते त्यांनाच विचारा." दोन क्षण सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, "अगं, तिकडे कढी फिरव ना." कढीचं पातेलं माझ्या हातात होतं. मी फिरवली. त्यांनाही वाढली.

कोणीच काही विचारलं नाही. ती पुढच्या वर्षीपासून गौरींना आली नाही, आणि ती चिडकीच आहे असं ठरून गेलं.

या भागाची तयारी करताना तिला फोन केला. सिनेमाचं नाव काढलं नाही, त्या दिवसाचं काढलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तू कढी वाढत होतीस. आठवतंय मला." पुढचं बोलणं आमचं दोघींचं आहे. एवढं इथे सांगू का, हे मात्र तिला विचारलं. सांग म्हणाली.

एखाद्या मुलाबद्दल शंका असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर, फुकट लागतो. सिनेमा सबटायटल्ससह बघा, रात्री एकट्याने नको. भेटू पुढच्या भागात.