चित्राचा दर्जा आणि विजेचं मीटर



 याच मुंबई शहरात २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचं केंद्र सुरू झालं. तेव्हा गच्चीवरच्या अँटेनापर्यंत कृष्णधवल चित्र पोचलं की लोक खूश असत. आज चित्र हातातल्या फोनवर येतं, आणि ते आणखी चांगलं करायचं तर वीज जास्त लागणारच, असं आपल्या तंत्रज्ञांतले अनेक जण धरून चालतात. मला ते मान्य नाही. ही परिषद भरवण्याचा आग्रह मी धरला तो त्यासाठीच.

वारीचं थेट प्रक्षेपण घ्या. रिमझिम पाऊस, हजारो टोप्या, फडफडणाऱ्या पताका, रिंगणात धावणारा माउलींचा अश्व. चित्र आवळून पाठवणारा एन्कोडर प्रत्येक फ्रेमचे छोटे चौकोन पाडतो आणि आधीच्या फ्रेममधलं काय पुन्हा वापरता येईल ते शोधतो. या दृश्यात त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. बिट कमी पडले की पताकांच्या कडा विरघळतात, गर्दीचे ठोकळे होतात. अर्ध्या तासाने त्याच वाहिनीवर बातम्या लागतात. तिथे हलतात फक्त निवेदिकेचे ओठ आणि पापण्या. तरीही कित्येक ठिकाणी दोन्ही दृश्यांना एकच बिटरेट दिला जातो. दृश्य पाहून बिट वाटले, तर वारीचं चित्र सुधारेल आणि बातम्यांवरची उधळपट्टी थांबेल.

या चौकोनांमागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडलं. ही नावं या व्यासपीठावरून घेताना मला अभिमान वाटतो.

त्यानंतर चित्र आवळण्याची नवी मानकं, म्हणजे कोडेक, आली: २००३चं एच.२६४, २०१३चं एचईव्हीसी, २०२०चं व्हीव्हीसी. दर पिढीत तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मे बिट पुरू लागले, पण एन्कोडिंगची आकडेमोड मात्र वाढत गेली. कोट्यवधी लोक पाहतात त्या क्रिकेट सामन्यावर ती मेहनत सहज वसूल होते. मोजके श्रोते असलेल्या व्याख्यानावर एवढी वीज खर्चणं मला पटत नाही. शिवाय जुन्या फोनमध्ये नव्या कोडेकची डिकोडर चिप नसली, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि बॅटरी भराभर उतरते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२०च्या अंदाजानुसार, तासभराच्या स्ट्रीमिंगला सरासरी ०.०७७ युनिट वीज लागते, आणि त्यातली ७२ टक्के प्रेक्षकाच्या उपकरणातच खर्च होते. म्हणून यंदा टीव्ही बनवणाऱ्यांना आणि चित्राचे रंग-उजेड ठरवणाऱ्या कलरिस्ट मंडळींना आम्ही मुद्दाम बोलावलं आहे. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं दृश्य किती लखलखीत ठेवायचं हे ग्रेडिंगच्या खोलीत ठरतं आणि त्याचा भार घराघरांतल्या बिलावर येतो. ही माणसं आजवर एका टेबलाशी बसलेली मी क्वचितच पाहिली.

सभागृहाबाहेर एकाच बनावटीचे तीन टीव्ही लावले आहेत. पहिला दुकानातल्या झगमगीत मोडवर, दुसरा घरगुती मोडवर, तिसरा खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपली प्रखरता बदलणारा. तिन्हींवर वारीचंच दृश्य चालू आहे आणि प्रत्येकाला वीजमापक जोडला आहे. आधी चित्राला गुण द्या, मग मापकावरचा आकडा बघा, आणि दोन्ही नोंदी तिथल्या वहीत लिहा. दुपारच्या चर्चेची सुरुवात त्या वहीपासून होईल.

आता परिषदेचं उद्घाटन करावं, अशी मी प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो.