अंतर आणि वेळ
मेटगळ्ळी ही म्हैसूर शहराच्या वायव्येकडील कारखान्यांची वसाहत. तेथील माणसाला विमानतळ गाठण्यासाठी शहर ओलांडून दक्षिणेस मंडकळ्ळीला जावे लागते. मंडकळ्ळीपासून मुंबईचे सरळ हवाई अंतर सुमारे 860 किलोमीटर भरते. ताशी 800 किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला ते कापण्यास तासाहून थोडा अधिक वेळ पुरतो; ताशी 500 किलोमीटर वेगाच्या, पंख्यांच्या एटीआर विमानाला मात्र पावणेदोन तास लागतात. चढण्या-उतरण्याची मिनिटे निराळीच.

मोठ्या जेट विमानांना लांब धावपट्टी हवी असते. 2010 साली नव्याने खुल्या झालेल्या मंडकळ्ळी विमानतळाची धावपट्टी होती अवघी 1,740 मीटरांची. ती वाढवायची, तर कडेने नंजनगूडचा महामार्ग व लोहमार्ग जातो, आणि भोवती शेतजमिनी आहेत.

दोन विमानतळांमधील अंतर भूगोल ठरवून देतो. वेळ मात्र माणसांच्या निर्णयावर अवलंबून असतो. प्रवाशाचा पाऊण तास वाचावा म्हणून कोणी किती जमीन सोडावी, याचे उत्तर विमानांच्या वेळापत्रकात सापडत नाही. ते शेताच्या बांधावर बसूनच शोधावे लागते.