दुर्ग आणि दीपगृहे

ज्या नगरीचे नावच दुर्ग आहे, तेथे दीपगृहांविषयी बोलताना किल्ल्यापासून आरंभ करणे अप्रस्तुत ठरू नये. कोकण-गोव्याकडील जुनी दीपगृहे पाहण्यास निघालेल्या प्रवाशाची वाट पुष्कळदा किल्ल्यातूनच जाते. अलिबागेजवळ थळच्या समोर भर समुद्रात खांदेरी, रत्नागिरीस रत्नदुर्ग, गोव्यात आग्वाद. या तिन्ही किल्ल्यांत दिव्याचे मनोरे उभे राहिले. हा केवळ योगायोग नव्हे. जेथून दूरचे गलबत प्रथम दृष्टीस पडते, तेच स्थळ त्या गलबतालाही प्रथम दिसते. शत्रूवर पाळत ठेवण्यासाठी निवडलेली जागा पुढे परक्या खलाशाला वाट दाखवण्याच्या कामी आली.

खांदेरीची कथा या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशीच किल्ला होणार, हे ध्यानी येताच इंग्रजांनी तो रोखण्यासाठी जहाजे धाडली. सिद्दीचे आरमारही आले. काम थांबले नाही. पुढे कोकण इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले. तट होऊ नये म्हणून ज्यांनी तोफा डागल्या, त्यांच्याच वारसांना दिव्यासाठी तोच खडक सोयीचा वाटला! आज या बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. कोळ्यांचा वेताळ येथे आहे आणि ठोकला असता धातूसारखा नाद देणारा एक खडकही आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश झाला.

दीपगृह म्हटले की समुद्रच डोळ्यांसमोर येतो. भिलाईच्या रहिवाशांना मात्र एका सरोवराकाठचे दीपगृह अधिक जवळचे वाटेल, कारण ते लोखंडापायी जन्मास आले. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवर गोड्या पाण्याचे खरे, पण त्याचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे छत्तीसगडच्या निम्म्याहून अधिक. दल्ली-राजहऱ्याचे खनिज भिलाईस आगगाडीने येते. तिकडचे खनिज पोलादाच्या कारखान्यांकडे जाण्यासाठी जहाजांत भरले जाई. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात त्या सरोवरावर अनेक जहाजांची वाताहत झाली. त्यांत एका पोलाद कंपनीची जहाजे बरीच होती. दिव्याची मागणी झाली आणि १९१० मध्ये स्प्लिट रॉक येथे उंच कड्यावर दीपगृह पेटले. तेथवर रस्ता नव्हता. बांधकामाचे सामान पाण्यातून आणून यारीने कड्यावर चढवावे लागले.

या दीपगृहाचे भिंग पाऱ्यावर तरंगते, म्हणून एवढा जड काचेचा डोलारा अल्प बळाने फिरतो. भिंग फिरले की किरणाचा झोत ठराविक वेळाने डोळ्यावर येतो. दोन झोतांमधील सेकंद मोजून खलाशी दीपगृह ओळखतो, कारण जवळपासच्या दोन दिव्यांची लय सारखी ठेवीत नाहीत. दीपगृह पाहावयास जाणाऱ्याने मनोऱ्याची उंची विचारण्याऐवजी ही लय विचारावी. पायऱ्या सर्वत्र थोड्याफार सारख्याच असतात.

स्प्लिट रॉकचा दिवा १९६९ मध्ये निवृत्त झाला. १० नोव्हेंबर १९७५ रोजी त्याच सरोवरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे खनिजवाहू जहाज २९ माणसांसह बुडाले. दरवर्षी त्या तारखेस मृतांची नावे वाचून हा विझलेला दिवा पुन्हा लावतात. आग्वादचा १८६४ चा मनोराही १९७६ पासून अंधारात आहे. त्याचे काम शेजारच्या नव्या मनोऱ्याकडे गेले.

आपल्याकडे १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला आणि त्यात वारसा दीपगृहांची स्वतंत्र तरतूद झाली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि, उपग्रह जहाजाला मार्ग सांगतात म्हणून दिवा विझवावा आणि मनोऱ्यास रंग देऊन तिकीट लावावे, एवढाच वारशाचा अर्थ घेतला गेला, तर तो अपुरा ठरेल. खांदेरीचा दिवा अद्याप कामावर आहे. पावसाळा सरल्यावर थळहून होडीने बेटावर जावे, दिवस मावळण्यापूर्वी परतावे आणि अंधार पडेपर्यंत थळच्या किनाऱ्यावर थांबावे. दिवा तेथूनच नीट दिसतो.