दुखत नाही, म्हणूनच पाय बघा

श्रावण तोंडावर आलाय. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायची तयारी घरोघरी सुरू असेल.

गेल्या श्रावणात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई अनवाणी गेल्या होत्या. शुगर बरीच जुनी. तळव्याला फोड आला, फुटला, पण आजींना पत्ताच नाही. अंथरुणावर डाग दिसला तेव्हा सुनेला कळलं. "दुखत नाही गं, जाईल आपोआप," आजी म्हणाल्या. हळद-तेल लावलं. आम्हीही माना डोलावल्या, त्याचं आज वाईट वाटतं. दोन आठवड्यांनी वास यायला लागला, मग घाटी दवाखाना गाठला. अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

तेव्हा आम्हाला उमगलं, की न दुखणं हाच तो आजार. वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. त्यात पायाला रक्त कमी पोचलं की जखम भरत नाही.

डॉक्टर जखमेतला मेलेला भाग काढतात, रक्त पोचतंय का बघतात, जंतू असले तर गोळ्या-इंजेक्शन देतात. साखरही आटोक्यात हवी. पण तळव्याच्या जखमेवर भार पडत राहिला, तर ड्रेसिंग करून उपयोग नाही. ती रोज नव्यानं चिरडते. म्हणून प्लॅस्टर किंवा खास चप्पल देतात.

आता बाईला "पाय टेकू नका" सांगणं सोपं आहे हो, पाणी कोण भरणार? आजींची सून मजुरीला जाते. मग गटानं पाळ्या लावल्या, रिक्षाभाड्याला अंतर्गत कर्ज दिलं. जखम भरायला तीन महिने लागले.

शुगर असेल तर रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरशात. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवा. गरम पाण्यात पाय शेकू नका, कुरूप ब्लेडनं कापू नका. मऊ तळाची एमसीआर चप्पल कुष्ठरोग्यांची म्हणून काहीजणी लाजतात. बधिर पायाला तीच लागते. आणि नवस असला तरी चप्पल घालूनच चाला, मारुतीराय रागावत नाहीत.

जखम, लाली, सूज, वास, काळेपणा, काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. सोबत ताप असेल तर रात्रीसुद्धा थांबू नका.

गुरुवारच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर सासूबाईंना, आईलाही आणा. आशाताई येणार आहेत, सगळ्यांचे पाय बघू.