बंब येईपर्यंत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संतवाङ्मयावर अथवा नाट्यसंगीतावर मी काही बोलावे, अशी आपल्या चिटणीसांची इच्छा होती. मी आगीवर बोलतो असे सांगताच त्यांचा चेहरा किंचित उतरला. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा अभद्र विषय कशाला, असे त्यांना वाटले असावे. तरीही त्यांनी संमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आरंभीच सांगतो, मी अग्निशामक दलातला नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला एक साधा अधिकारी आहे. आमच्या कार्यालयात आगीच्या प्रसंगी मजल्यावरील माणसे बाहेर काढण्याचे काम एका अधिकाऱ्याकडे सोपवलेले असते. ते कोणालाच नको असल्यामुळे गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने बंबवाल्यांशी परिचय झाला, आणि ही माणसे आपल्याला किती थोडी ठाऊक असतात हे ध्यानी आले.

दरवर्षी १४ एप्रिलपासून आठवडाभर देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ही तारीख आपल्या मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजावर आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके, असा तो माल होता. दुपारभर जवान त्या जहाजावर पाणी मारीत होते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दुसरा. शेकडो माणसे गेली; त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. भायखळ्यास दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. त्या रस्त्याने आपण सुटीत कितीदा जातो. आत डोकावणारे किती, हे मी विचारीत नाही. मीही वयाची चाळिशी उलटेपर्यंत डोकावलो नव्हतो.

आपल्या या दिल्लीत १३ जून १९९७ रोजी जे घडले ते येथील पुष्कळांना आठवत असेल. उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर'चा खेळ चालू होता. तळाशी, मोटारी उभ्या करण्याच्या जागेलगत असलेल्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. ज्वाळा वर पोचल्या नाहीत. धूर मात्र पोचला. गच्चीत, म्हणजे बाल्कनीत, जादा खुर्च्या बसवून एक वाट बुजवलेली होती, आणि दारे वेळेवर उघडली नाहीत. ५९ माणसे गेली, ती बहुतेक गुदमरून. मी तेव्हा दिल्लीत नवा होतो. दुसऱ्या दिवशी बसमधून ग्रीन पार्कवरून जाताना सारी बस गप्प होती, एवढेच मला आठवते. आग माणसाला जाळून मारते अशी आपली समजूत असते. पुष्कळदा धूरच आधी मारतो. म्हणून धुरात उभ्याने पळू नये. जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. तोंडावर ओला कपडा धरून रांगत निघावे.

अग्निशामक दल म्हणजे केवळ पाणी मारणारी माणसे नव्हेत. राज्यघटनेच्या १२व्या अनुसूचीत ही सेवा नगरपालिकांच्या कामांत घातलेली आहे. प्रत्यक्षात कोठे ती महापालिका चालवते, कोठे, जसे दिल्लीत, सरकार. कोसळलेली इमारत, अडकलेली लिफ्ट, नाल्यात पडलेली गाय, पतंगाच्या मांज्यात गुरफटलेली घार, या साऱ्यांसाठी बंबखान्यातला फोन वाजतो. आणि या कामाचे शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. तेथे २००२ साली हर्षिनी कान्हेकर ही पहिली मुलगी दाखल झाली. आपल्या मुलींना डॉक्टर, इंजिनियर यांपलीकडची वाट सांगायची असेल, तर ही सांगावी.

आता ज्यासाठी हा विषय मी मागून घेतला, तेथे येतो. या सभागृहात निम्मी मंडळी सरकारी नोकरीतली आहेत, तर मागच्या रांगांत बसलेले पुष्कळ बंधू विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेले गलाई व्यावसायिक आहेत. चांदणी चौकात, करोलबागेत ते सोने-चांदी गाळतात. एकाच खोलीत भट्टी, गॅसचे सिलिंडर, तेजाबाच्या बाटल्या. आणि रात्री त्याच जागी किंवा माळ्यावर झोपलेली पोरे. गल्ली अशी की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे. बंब मोठ्या रस्त्यावरच थांबतो, आणि तेथून पंधरा-पंधरा मीटरचे पाइप एकाला एक जोडीत जवान धावतात. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे अनाज मंडीत असेच झाले. कारखान्यातच झोपलेले ४३ कामगार गेले. त्या धुरातून राजेश शुक्ला या जवानाने ११ जणांना बाहेर काढले आणि स्वतः जखमी झाला. तो होता म्हणून अकरा वाचले. पण जिन्यात माल रचलेला नसता, तर किती वाचले असते, हा प्रश्न मनातून जात नाही. गलाईवाल्या बंधूंना माझी विनंती आहे की, रात्री भट्टी विझल्यावर सिलिंडर बंद केल्याची खात्री करून मगच झोपावे, माळ्यावर बाहेरून कडी लागणार नाही असे पाहावे, आणि निजण्याची जागा शक्य तर वेगळी करावी. भाडे वाढेल, हे मला ठाऊक आहे.

भगिनींसाठी थोडेसे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चौफेर उडते. गॅस बंद करावा, घट्ट झाकण ठेवावे, कढई हलवू नये. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली, ओट्याशी साचतो. वास आला तर दिव्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर कळवावे. पातळाने पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागी वाहते गार पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. माझ्या आईने माझ्या हाताला शाईच लावली होती, म्हणून हे आवर्जून सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी केवळ आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना लागू आहे. गावाहून आलेली आई किंवा सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात. १०१ अथवा ११२ हा आकडा फिरवणे त्यांना जमेल. पण पलीकडचा माणूस हिंदीत पत्ता विचारील, तेव्हा काय? चार ओळींचा पत्ता, जवळच्या खुणेसह, हिंदीत पण मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवावा, आणि एकदा त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आमच्या सासूबाईंनी 'गुरुद्वारे के पीछे' हे पाठ केले आहे.

शेवटी, एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात बदलीवर असताना, तेथील मंडळाचा मी सहचिटणीस होतो. गणेशोत्सवात बालनाट्याच्या दिवशी थर्माकोलच्या मखराला दिव्याची उष्णता लागून धूर सुटला. वीज कोठून बंद करायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. रंगपटात बारा-तेरा मुले रंग लावून बसलेली, त्यांत माझी सात वर्षांची मुलगी. रंगपटाच्या मागच्या दाराला कुलूप होते, आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती. मी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो होतो. वाद्ये वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी लोखंडी खुर्चीने कुलूप तोडले, म्हणून मुले बाहेर आली. मखराचा कोपरा तेवढा जळला. वृत्तान्तात आम्ही 'किरकोळ अडथळ्यानंतर कार्यक्रम उत्साहात पार पडला' असे लिहिले. ते वाक्य मीच लिहिले होते.

अध्यक्ष महाराज, या व्यासपीठाच्या डाव्या बाजूस एक दार आहे. आज संध्याकाळी मी लवकर येऊन पाहिले. त्याला आतून कुलूप आहे, आणि पुढ्यात घडीच्या साठ-सत्तर खुर्च्या आणि जुन्या हिशेबांचे गठ्ठे रचलेले आहेत. चिटणीस म्हणतात, खुर्च्या ठेवायला दुसरी जागा नाही. ती अडचण खरी आहे. माझ्या घराची मागची खोली रिकामी आहे. सुवर्णमहोत्सव संपेपर्यंत गठ्ठे तेथे ठेवता येतील.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जवळच्या बंबखान्यातील अधिकारी आपल्या अंगणात प्रात्यक्षिक दाखवायला येणार आहेत. ते पैसे घेत नाहीत. चहा मात्र द्यावा. भगिनींनी, मुलांनी आणि गलाईवाल्या बंधूंनी अवश्य यावे. त्याआधी, शनिवारी संध्याकाळी सहाला, खुर्च्या हलवण्यासाठी मला सहा-सात तरुण हवे आहेत. नावे बाहेर टेबलावरच्या वहीत लिहावीत.